घर आपले, गाव त्यांचे

नागपूरचा उन्हाळा ज्याने एकदा अनुभवला, त्याला थंड हवेच्या ठिकाणाची आवश्यकता निराळी पटवून द्यावी लागत नाही. इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताचे सरकारसुद्धा वैशाखाच्या सुमारास नागपूर सोडून पचमढीला जाऊन राहत असे. वऱ्हाडाशी ज्यांचा सोयरसंबंध, ती आमच्यासारखी कुटुंबे मात्र चिखलदऱ्याची वाट धरीत. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले हे गाव अमरावती जिल्ह्यात मोडते. १८२३ साली हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याने ते शोधून काढले असे म्हणतात. परंतु भीमाने कीचकास मारून ज्या दरीत लोटले तीच ही ‘कीचकदरा’, अशी जी कथा तेथील माणसे सांगतात, तिच्यापुढे कॅप्टनसाहेबांचा शोध अगदी कालचा म्हटला पाहिजे. तेथे आमच्या आजोबांनी बांधलेले दोन खोल्यांचे व एका पडवीचे कौलारू घर आहे. आमच्या घराण्यातील तीन पिढ्यांच्या सुट्ट्या तेथे गेल्या.

ज्या घराची किल्ली आपल्या खिशात आहे, तेथे जावयास कोणाची परवानगी लागते? हा प्रश्न २०२० सालापर्यंत कोणी कोणास विचारला नव्हता. त्या वर्षी ११ मार्च रोजी नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला आणि २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली. आमच्या आत्याबाई होळीपूर्वीच हवापालटासाठी चिखलदऱ्यास गेल्या होत्या. वय सत्याहत्तर, सोबतीला राखणदाराची बायको. त्या तेथेच अडकल्या. आम्ही अकरा माणसे नागपुरात, त्या एकट्या डोंगरावर.

एप्रिल सरत आला तशी घरात कुरबूर सुरू झाली. मुलांना अंगण नाही, गच्ची तापलेली, आणि तिकडे कुलूप नसलेले आपलेच घर रिकामे. थोरल्या वहिनींचे म्हणणे असे की, प्लेगाच्या दिवसांत आपले पूर्वज वाडे सोडून माळावर झोपड्या घालून राहिलेच ना! मग आपण वर जाऊन राहिलो तर बिघडले कोठे? प्रश्न बिनतोड वाटण्यासारखा होता. थोरले बंधू पेशाने वैद्यकीय नव्हेत, पण त्यांनी जे उत्तर दिले ते मला अद्याप आठवते. ते म्हणाले, “प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरे. घर सोडले की उंदीर मागे राहत. हा रोग माणसाच्या श्वासाबरोबर चालतो. आपण घर सोडले तरी तो मोटारीत आपल्याशेजारी बसून येईल. आपली हवा पालटेल आणि त्यांची बिघडेल.” 

याच सुमारास दूरध्वनीवर राखणदाराशी बोलणे झाले. हा मनुष्य जातीने गवळी. त्याच्या म्हशींच्या दुधाचा खवा आम्ही लहानपणापासून खात आलो. तो फार संकोचाने म्हणाला, “दादा, राग मानू नका, पण आत्ता येऊ नका. गावानं ठरवलंय. आत्याबाईंची काळजी आमच्यावर सोडा.” चाळीस वर्षांच्या संबंधात त्याने आम्हांस प्रथमच नकार दिला.

जुलैमध्ये मात्र जाणे भाग पडले. आत्याबाईंना जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची तपासणी नागपूरला झाली पाहिजे, असे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लिहून दिले. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जावयास त्या वेळी पोलिसांचा ई-पास लागत असे. त्यासाठी कारण सबळ असावे लागे; आजारपण, मृत्यू अशी. डॉक्टरांचे पत्र जोडून अर्ज केला आणि दोन दिवसांनी पास आला. मोटारीत चालक व आणखी दोघे, यापेक्षा अधिक माणसांस मुभा नव्हती. तेव्हा जाताना मी व मोटार चालविणारा पुतण्या, आणि येताना तिसऱ्या आत्याबाई, असा नेमका हिशेब बसला. मुलांनी दारात उभे राहून निरोप दिला. कोणी बरोबर येण्याचा हट्ट केला नाही, याचेच वाईट वाटले.

नागपूर ते चिखलदरा हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. वाडी मागे पडली की अमरावतीचा महामार्ग सुरू होतो. एरवी या रस्त्यावर मालमोटारींची रांग तुटत नाही. त्या दिवशी कोंढाळीच्या संत्र्याच्या बागा जणू कोणी न पाहता उभ्या होत्या. धाबे बंद. काळ्या शेतांत कपाशी व सोयाबीन वीतभर वर आलेले, आणि पेरणीला मात्र कोणतीही बंदी माहीत नव्हती. कारंजा घाडगेपूर्वी नागपूर जिल्हा संपून वर्धा जिल्हा लागतो. तेथे पहिली तपासणी झाली. पोलिसाने कागद पाहिला, कपाळासमोर उष्णतामापक धरले आणि हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली. पुढे तळेगाव ओलांडून वर्धा नदी आली. दुसरी तपासणी तेथे.

नदीकाठी थांबलो असता एक गोष्ट मनात आल्यावाचून राहिली नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड किल्ला सर केला. लगेच दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडचा मुलूख सोडून द्यावा लागला. म्हणजे ज्या डोंगरावर आम्ही निघालो होतो, तेथल्या लढाईनेच ही नदी नागपूरकरांची सीमा ठरली होती. पुढे राज्ये गेली, प्रांत जोडले गेले, सीमा पुसली असे वाटले, आणि २०२० साली त्याच नदीच्या काठी पुन्हा “कोठून आलात?” हा प्रश्न उभा राहिला.

गुरुकुंज मोझरी, अमरावती, परतवाडा असे करीत दुपारी घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो. पावसाळ्यात हा घाट म्हणजे धुक्यात शिरणे होय. दहा पावलांपलीकडचा साग दिसत नाही, केवळ पाण्याचा आवाज कानी येतो. एरवी जुलै महिन्यात पावसाळी हौशी मंडळींच्या मोटारींनी रस्ता कोंडून जातो. त्या दिवशी मोथा गावाजवळ रस्त्यावर बांबू आडवे टाकलेले होते आणि छत्र्या घेऊन तीन तरुण बसलेले. त्यांनी पास वाचला, तो त्यांना पुरेसा वाटला नाही. राखणदाराला दूरध्वनी करून खात्री केली आणि मग बांबू उचलला. सरकारचा कागद दोन जिल्ह्यांच्या सीमांवर चालला होता. येथे गावाचा शब्द लागला.

घरापाशी राखणदार वाट पाहत होता. त्याने अंगणाच्या फाटकाशी बादली, साबण व तांब्या ठेवला होता. पडवीत दोन खुर्च्या, त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर तिसरी. घरात जाऊ नका असे तो बोलला नाही. खुर्च्या मांडून त्याने ते सांगितले होते. आजोबांच्या घराच्या पडवीत आम्ही परक्यासारखे बसलो. आत्याबाई तिसऱ्या खुर्चीवर आल्या, आम्हां दोघांना दुरूनच न्याहाळले आणि म्हणाल्या, “नमस्कार नको, जवळ येऊ नकोस. या बाईने चार महिने मला जपले आहे, तिला काही होता कामा नये.” स्वतःच्या छातीतील धापेविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. राखणदाराच्या बायकोने पानांवर दशम्या व खवा दुरून ठेवला. तासाभरात आम्ही परत फिरलो. घराचा उंबरठा आम्ही ओलांडला नाही.

याचा कोणास राग येईल, कोणास ही भित्र्या खेडुतांची अतिशयोक्ती वाटेल. परंतु चिखलदऱ्याची वस्ती पाच हजारांच्या आसपास. भोवतालचा मेळघाट म्हणजे कोरकूंची दूरदूर पसरलेली पाडे-गावे. कुपोषणाने व बालमृत्यूंनी हा भाग वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिला आहे. मोठ्या इस्पितळासाठी घाट उतरून खाली यावे लागते. अशा ठिकाणी शहरातून आलेले एक खोकणारे कुटुंब म्हणजे केवढे ओझे, हे त्या बांबू धरून बसलेल्या पोरांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

हीच गोष्ट सुधारलेल्या युरोपातही घडली. ज्या देशांच्या सीमा मोटारीने ओलांडताना कोणी हटकत नसे, तेथे मार्च २०२० मध्ये पुन्हा पहारे बसले. नॉर्वेमध्ये डोंगरातील वा समुद्रकाठची सुट्टीची घरे बाळगण्याची रीत घरोघर आहे. तेथील सरकारने आपल्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेरील अशा घरांत मुक्काम करण्यास मनाई केली. कारण लहान गावांतील इस्पितळे तेथल्याच रहिवाशांपुरती असतात. ही मनाई २० एप्रिलपर्यंत चालली. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरिन काल्डरवुड लोकांना घरी बसण्याचा उपदेश करीत असता, स्वतः मात्र फाइफ येथील आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्या, आणि ५ एप्रिल रोजी त्यांना पद सोडावे लागले. आपल्याकडेही त्याच आठवड्यात वाधवान घराण्यातील मंडळी नोकरचाकरांसह २३ जण खंडाळ्याहून महाबळेश्वरास गेली. जवळ गृहखात्यातील उच्चाधिकाऱ्याचे पत्र होते. तरी त्यांना पाचगणीस विलगीकरणात ठेवावे लागले आणि पत्र देणाऱ्या अधिकाऱ्यास सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. पत्र होते, घर होते, मोटारी होत्या. गावाची संमती मात्र कोणी विचारली नव्हती.

आत्याबाईंची तपासणी वेळेवर झाली, औषध लागू पडले. त्यानंतर २ सप्टेंबरपासून महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जाण्यास पास लागेनासा झाला. पण योगायोग असा की, त्याच सप्टेंबरात नागपुरात रोगाची पहिली लाट अगदी शिगेला पोहोचली होती. कायद्याने वाट मोकळी केली तेव्हाच जाणे सर्वांत धोक्याचे होते. या वेळी घरात वाद झाला नाही. थोरल्या वहिनींनीच मुलांना सांगितले की, वरून बोलावणे येईल तेव्हा जाऊ. बोलावणे दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर आले. राखणदाराने स्वतः दूरध्वनी करून म्हटले, “दादा, आता या. कौलं उतरवून परत बसवलीत.” त्या वेळी आम्ही खालूनच अमरावतीस सर्वांची तपासणी करून घेतली आणि मग घाट चढलो. मोथ्याजवळ बांबू नव्हते. मुले धावत घरात शिरली. आत्याबाई मात्र आधी राखणदाराच्या घरी गेल्या, लुगडे व ओटीचे सामान घेऊन.

शहरातील आपल्यासारख्या कुटुंबांची डोंगरात, समुद्रकाठी दुसरी घरे दिवसेंदिवस वाढत आहेत. खरेदीखतात जमिनीचे मोजमाप असते, चतुःसीमा असतात. त्या चतुःसीमांबाहेर जे गाव असते, ते आपल्या गैरहजेरीत घराची कौले चाळते, आजारी माणसाला जपते आणि प्रसंगी रस्त्यावर बांबू आडवा टाकते. त्या गावाशी आपला संबंध वर्षातून पंधरा दिवस खवा विकत घेण्यापुरता न ठेवणे, त्याच्या शाळेची, दवाखान्याची, पाण्याची थोडी तरी चौकशी आपल्या घरच्यासारखी करणे, एवढे त्या वर्षाने आमच्या कुटुंबाला शिकविले. आता दर उन्हाळ्यात निघण्यापूर्वी आम्ही वर दूरध्वनी करतो. पूर्वी “घर झाडून ठेव” एवढेच सांगत असू. हल्ली आधी विचारतो, “यावे का?”