हिरवा पट्टा कुणाचा?

शाळेतल्या झेंड्याची घडी घालण्याचे काम गेली अठरा वर्षे माझ्याकडे आहे. आत फुलांच्या पाकळ्या ठेवून गाठ अशी मारायची, की एका हिसक्यात सुटली पाहिजे. जानेफळात या गाठीसाठी मी थोडाफार प्रसिद्ध आहे. माझ्या कादंबऱ्यांसाठी नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.

यंदा चौदा ऑगस्टला चौथीतली दोन पोरे मदतीला होती, एकाच बाकावरची. झेंडा पसरला तसा एक म्हणाला, "भगवा आमचा, हिरवा याचा." दुसऱ्याने हातातले टोक मुकाट्याने टेबलावर ठेवले आणि तो दूर जाऊन उभा राहिला. मी रागावलो. तेव्हा पहिला म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच तर सांगितलं होतं!"

खरेच सांगितले होते. दर वर्षीच्या भाषणात. माझ्या गुरुजींनी मला सांगितले, मी पुढे ढकलले.

त्या रात्री पुस्तके काढून बसलो. माझी वाटणी अगदीच खोटी नव्हती, शिळी होती. १९२१ साली गांधीजींनी चरख्याच्या झेंड्याचा अर्थ तसाच लावला होता : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. पण रंग वाटायला घेतले, की वाटेकरी वाढतात. शिखांनीही आपला रंग मागितला. अखेर १९३१ साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा ध्वज ठरवला, तो या रंगांना धर्माचा अर्थ नाही असे बजावूनच. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंगा स्वीकारला; चरख्याच्या जागी चक्र आले. राधाकृष्णन यांनी तेव्हा हिरव्याचे नाते मातीशी जोडले; जिच्यावर सारे जीवन जगते त्या झाडापाल्याशी.

मागे १९२३ साली नागपुरात झेंड्यासाठी सत्याग्रह झाला. त्यात विनोबांना कैद झाली. आपल्या शेजारच्या अकोल्याच्या तुरुंगातही ते होते. कोणत्या पट्ट्यासाठी आत आलात, असे त्यांना कुणी विचारले नसेल!

इतरांनी काय केले, म्हणून पाहता पाहता पश्चिम आफ्रिकेतला घाना भेटला. तो ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाला. त्याचा झेंडा रेखाटला थिओडोसिया ओको या बाईंनी, त्याही शिक्षिकाच. तांबडा स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा, सोनेरी जमिनीतल्या धनाचा, हिरवा रानाशिवाराचा, आणि मधोमध आफ्रिकेच्या मुक्तीचा काळा तारा. एकही पट्टा एका जमातीच्या नावे नाही. मला माझ्या भाषणाची लाज वाटली.

सकाळी झेंडावंदनाआधी चौथीचा वर्ग शाळेमागच्या बांधावर नेला. सोयाबीन गुडघ्याला लागले होते. म्हटले, "मी चुकीचे शिकवले. आता सांगा, हा हिरवा कुणाचा?"

पहिला म्हणाला, "शेत आमचं आहे."

दुसरा जरा थांबला. मग म्हणाला, "पण पेरलं माझ्या अब्बांनी. ट्रॅक्टरनं."

"हो, गुरुजी," पहिल्याने कबूल केले, "यांचाच ट्रॅक्टर होता."

थोड्या वेळाने झेंडा वर गेला. गाठ एका हिसक्यात सुटली. ती दोघे शेजारी शेजारी उभी होती.

पण आधीच्या सतरा वर्षांची मुले? त्यांतली काही आता बाप झाली आहेत. माझेच वाक्य आपल्या लेकरांना सांगत असतील. दिवाळीला ती गावी येतात आणि कुणाच्या तरी घरी हा अंक चाळतात. त्यांच्यासाठी हे लिहिले. बाळांनो, तेवढे वाक्य खोडा.