मधुमेही मांजराच्या ताटलीत काय असावं?

मांजराला मधुमेह झालाय असं सांगितलं की बहुतेक जण मला म्हणतात, "डॉक्टर, आम्ही तर याला गोड काहीच देत नाही!" खरं आहे. पण आपल्या नाशिक रोडला मांजर म्हटलं की दूध-पोळी नाहीतर दूध-भात ठरलेला, आणि आता जोडीला दुकानातले कोरडे दाणे. या सगळ्यांत पिष्ट भरपूर असतं आणि पोटात गेल्यावर पिष्टाची शेवटी साखरच होते.

मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज नसतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर यकृतात पटकन ओढून घेणारं ग्लुकोकायनेज हे एन्झाइमही फार कमी. उंदीर-चिमण्यांवर जगणाऱ्याला त्याची गरजच काय! त्यात नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये दिवसभर लोळणारा सहा-सात किलोचा बोका असेल तर धोका वाढलाच. पण एक दिलाशाची गोष्ट सांगतो. लवकर इन्सुलिन सुरू झालं आणि सोबत कमी कर्बोदकांचा आहार मिळाला, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे चक्क थांबवता येतं. म्हणून तर खाण्यासाठी एवढा आटापिटा.

अडचण अशी की पाकिटावर कर्बोदकांचा आकडा बहुधा नसतोच. जेल रोडला राहणारे, प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका दाण्यांचं पाकीट आणि ओल्या खाण्याचं पाऊच, दोन्ही घेऊन आले. "यात प्रोटीन ३२ टक्के, त्यात नुसतं १०. मग दाणेच चांगले ना?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि उत्तर उलटं आहे. पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे तिथले सगळेच आकडे लहान दिसतात.

तुम्हीही कागद-पेन घ्या. दाण्यांत प्रोटीन ३२, फॅट १०, फायबर ५, पाणी १० आणि राख म्हणजे खनिजं ८ धरा. बेरीज ६५. शंभरातून उरले ३५, ती कर्बोदकं. पाऊचमध्ये प्रोटीन १०, फॅट ३, फायबर १, पाणी ८२, राख २. बेरीज ९८, उरले २. आता कॅलरी काढू. प्रोटीन आणि कर्बोदकं यांना साडेतीनने गुणा, फॅटला साडेआठने. दाण्यांत सुमारे ३८ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, पाऊचमध्ये जेमतेम १०. मधुमेही मांजरासाठी आम्ही साधारण १२ टक्क्यांच्या आत राहायला सांगतो. पाकिटावरचे आकडे 'किमान' आणि 'कमाल' असे असतात, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचाच. पण निवड करायला पुरतो. 'ग्रेन फ्री' या शब्दांना मात्र भुलू नका. गहू-तांदूळ काढून बटाटा किंवा वाटाणा घातला तरी पिष्ट ते पिष्टच. दाण्याला आकार धरायलाही पिष्ट लागतंच. ग्रेव्हीवाल्या पाऊचमध्येही घट्टपणासाठी ते असू शकतं.

पाऊच महाग पडतात, हे मला मान्य आहे. मग चिकन उकडून घालावं का? वरचं खाणं म्हणून थोडं चालेल, कांदा-लसूण आणि मीठ न घालता. पण रोज नुसतं बोनलेस चिकन दिलं तर कॅल्शियम कमी पडतं, आणि उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचा डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली दिसून आलं. हृदयही कमकुवत होतं, हे १९८७ साली. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पूरक औषधांसकट आहार लिहून घ्या. किडनीचा आजार असेल तर सगळं गणितच वेगळं होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता खाणं बदलू नका. कर्बोदकं घटली की तोच डोस जास्त ठरतो आणि साखर एकदम खाली जाते. मांजर लडखडलं, मलूल पडलं, झटके आले तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका.

बदल आठवडा-दहा दिवसांत, जुन्यात नवं मिसळत करा. आणि "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. फ्रिजमधलं थंडगार पाऊच बरीच मांजरं नुसतं हुंगून सोडतात. गरम पाण्यात धरून कोमट केलं की वास सुटतो, मग बघा.