अळणी भात

मराठी माणसाचा सगळा व्यवहार मिठावर चालतो. इमानी माणूस खाल्ल्या मिठाला जागतो, बेइमान असेल तो नमकहराम ठरतो, आणि ज्याच्या बोलण्यात काही दम नाही त्याचं बोलणं अळणी. यातही इमानाचा दाखला द्यायची वेळ आली की आपण पुढं करतो ते कुत्र्याला. आता गंमत पाहा! या कुत्र्याचं पोट बिघडलं की त्याला जे जेवण द्यावं लागतं, त्यात मिठाची कणीसुद्धा घालायची नसते. मिठाला जागणाऱ्यालाच मीठ वर्ज्य! ही गोष्ट मला 2025 च्या श्रावणात कळली, आणि तीही कॉलेजात नव्हे, तर कोपरच्या आमच्या चाळीमागं, तीन विटांच्या चुलीपुढं बसून.

कोपर म्हणजे लोकलनं येताना दिवा सोडलं की डोंबिवलीच्या आधी लागतं ते. खालून कल्याणची गाडी जाते, वरच्या फलाटावरून दिवा-वसईची. डोंबिवलीला उतरणारी माणसं दारात दाटीवाटीनं उभी असतात आणि कोपरला उतरू पाहणाऱ्याकडे जरा रागानंच बघतात. या कोपरला आमची चाळ, आणि चाळीचा तांब्या. रंग तांब्याचा म्हणून नाव तांब्या. तो आमचा एकट्याचा नाही. सकाळचं बिस्किट पहिल्या खोलीत, दुपारचा तुकडा तिसऱ्या खोलीत, आणि रात्री आमच्या ओट्यावर माझ्या आईची उरलेली पोळी. एका कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत अशा कुत्र्यांना भटके न म्हणता समाजाचे प्राणी म्हटलं आहे. आमच्या चाळीनं ते नियम वाचलेले नाहीत, पण तांब्याच्या बाबतीत तरी ती ते पाळत आली आहे.

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी दिव्याची अवस. पंचांगात ती दीपपूजेची, पण आमच्याकडे तिला गटारी म्हणतात. पुढं महिनाभर मटण-कोंबडी बंद, म्हणून त्या दिवशी सगळी कसर भरून काढायची. माणसांची कसर भरून निघाली की हाडं, चरबी, लाल तेलाचा रस्सा असं सगळं पिशव्यांत बांधून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात जातं. तिथं मग कुत्र्यांची गटारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या पायरीखाली पडला होता. दोनदा ओकला, चारदा पातळ परसाकडे झाली, आणि एरवी बाबांच्या रिक्षाचा आवाज आला की धावत जाणारा तो प्राणी मान वर करीना.

बाबांनी त्या सकाळचा स्टेशनचा धंदा सोडला आणि मागच्या सीटवर जुनं पोतं अंथरून तांब्याला घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या घरातला कागद वाचणारा माणूस मी आहे. विजेचं बिल, रेशनकार्ड, गावच्या जमिनीचा सातबारा, आईच्या औषधाची चिठ्ठी, काहीही आलं की ते माझ्या हातात येतं. दहावीच्या पुढं गेलेला घरात मीच पहिला. त्यामुळं डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन जी चिठ्ठी लिहिली, तीही बाबांनी न बघता माझ्याकडे दिली. औषधाच्या दोन नावांखाली लिहिलं होतं, ‘ब्लँड डाएट, पाच दिवस.’

घरी येऊन मी कोशात शब्द पाहिला. सौम्य, मवाळ, मिळमिळीत. आईला समजावून सांगितलं: मऊ शिजवलेला पांढरा भात आणि कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी. दोन वाट्या भात असेल तर एक वाटी कोंबडी. मीठ नाही, हळद-मसाला नाही, तेल-तूप नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही.

माझी आई सिंधुदुर्गातली. तिच्याकडे कुणीही आजारी पडलं की एकच औषध, उकड्या तांदळाची पेज. ताप आला पेज, पोट बिघडलं पेज, परीक्षेचा निकाल वाईट लागला तरी पेजच. ती सगळं ऐकून म्हणाली, “माणसाक भात, कुत्र्याक भात. मग तुझो डॉक्टर इतकी वर्सां शिकलो काय?”

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याला जे देत आले, त्याच जातीचं हे जेवण. पण पेजेत आई मीठ घालते आणि वरून तुपाची धार सोडते. डॉक्टरांचं भांडण नेमकं या दोन गोष्टींशी होतं. त्यांनी मला कारणंही सांगितली होती. (मी आर्ट्‌सचा विद्यार्थी आहे हे कळल्यावर जरा जास्तच सावकाश सांगितली.) स्निग्ध पदार्थ पोटातून उशिरा पुढं सरकतात, आणि तेलकट-चरबीचं खाणं अंगावर आलं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसणातली काही द्रव्यं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दूध दिलं तर मोठ्या कुत्र्याला त्यातली साखर बहुधा पचत नाही, जुलाब वाढतात. भात पांढराच का, तर कोंडा गेलेला असतो, आतड्यांना काम कमी पडतं.

मला त्या क्षणी संत नामदेव आठवले. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नको म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावणारे नामदेव आम्ही शाळेत शिकलो. चित्रही होतं पुस्तकात. आता वाटतं, त्या कुत्र्याचं पोट धड होतं हे बरं झालं. आजारी कुत्र्याच्या बाबतीत एकनाथांचाच कित्ता गिरवावा. त्यांनी कावडीतली गंगा रामेश्वराच्या वाटेवर तहानेल्या गाढवाला पाजली. जुलाब लागलेल्या जनावराला आधी पाणीच हवं, आणि तेही एकदम पातेलंभर नव्हे, थोडं थोडं, घटकेघटकेनं. पहिले काही तास खायला काही देऊ नका, पाणी मात्र समोर ठेवा, असं आम्हाला सांगितलं होतं. आई म्हणाली, म्हणजे लंघनच की! पण हे लंघन धडधाकट मोठ्या कुत्र्याचं. पिलाला उपाशी ठेवायचं नसतं. ते भराभर खचतं.

पिलांच्या बाबतीत तर घरचा भात शिजवत बसण्यात अर्थच नाही. पार्व्हो नावाचा रोग 1978 च्या सुमारास उद्भवला आणि बघता बघता जगभर गेला. त्यात पिलू ओकतं, रक्ताची परसाकडे होते आणि दोन-तीन दिवसांत आटोपतं. त्याची लस आहे. आमच्या चाळीमागं दर पावसाळ्यात पिलं मरतात, आणि आम्ही आजवर “पावसानं मेली” एवढंच म्हणत आलो. मोठ्या कुत्र्यालाही रक्त पडत असेल, पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, हिरड्या चिकट कोरड्या लागत असतील किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच जागेवर जात नसेल, तर टोप चुलीवर न ठेवता डॉक्टर गाठावा. तांब्याची कातडी मी दिवसातून दहा वेळा ओढत होतो. शेवटी तो गुरगुरला, तेव्हा मला हायसं वाटलं.

पण खरी अडचण औषधात नव्हती, महिन्यात होती. श्रावणाचा पहिला दिवस, आणि कोंबडी शिजवायची! आई श्रावण कडक पाळते. ती डोंबिवलीत एका पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटते, सोमवारी उपाशीपोटी लाटते, पण पाळते. तिनं स्वच्छ सांगितलं, “श्रावणात माझ्या चुलीर कोंबडी चढूची नाय.” मी तिच्याशी वाद घातला नाही. घरात गॅस एक, ओटा एक, आणि देवाचा फोटोही त्याच भिंतीवर. डॉक्टरांनी मुगाच्या डाळीचं नाव घेतलं होतं, पण चार दिवस नुसत्या डाळीवर भागणार नाही असंही सांगितलं होतं. तेव्हा मी चाळीमागं पत्र्याखाली तीन विटा मांडल्या, भंगारातला एक अॅल्युमिनियमचा टोप घासून घेतला आणि तिथं संसार थाटला. लाकडं पावसानं ओली, धूर डोळ्यांत, आणि वरून दिवा-वसईची गाडी धडधडत जायची.

भाताचं पाणी भरपूर ठेवायचं, शीत दोन बोटांत दाबलं की त्याचं पीठ व्हायला हवं. कोंबडी वेगळी उकडायची. तिचं पाणी निवलं की वर पिवळा तवंग धरतो, तो काढून टाकायचा आणि खालचं पाणी भातात घालायचं. हाड एकही राहता कामा नये. शिजलेल्या हाडाच्या चिपा होतात आणि त्या आतड्यात रुततात. कोमट झालं की अगदी लहान वाटीभर, दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या वाटीला तांब्यानं नुसतं हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला आईचंच वाक्य दिसलं, जे ती सकाळी म्हणाली होती: “मीठ नाय घातलंस तर तो खातलो कसो रे झिला?” मग त्यानं चाटलं, आणि संपवलं.

शेजारच्या काकूंना हे पाहवलं नाही. “रेशनचा तांदूळ कुत्र्याला? इथं माणशी पाच किलो धान्य मिळतं, त्यात घर भागत नाही!” त्या बोलल्या ते खरंच होतं. तो आमच्याच वाट्याचा तांदूळ होता, आणि पाव किलो बिनहाडाची कोंबडी म्हणजे बाबांच्या किती शेअर फेऱ्या, हा हिशेब मलाही येतो. मी काही उत्तर दिलं नाही. बाबा मात्र म्हणाले, “रात्री साडेबाराला मी येतो, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत माझ्याबरोबर कोण चालत येतं?” काकू गप्प बसल्या, पण पटलं म्हणून नव्हे.

या वादाला त्या ऑगस्टमध्ये आणखी धार आली. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाचा दिल्लीच्या कुत्र्यांविषयीचा आदेश झाला आणि 22 ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्याच भागात सोडावीत, पिसाळलेली किंवा चावरी मात्र सोडू नयेत, आणि वाटेल त्या रस्त्यावर खायला न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावं, असं न्यायालय म्हणालं. आदेश दिल्लीचा, पण भांडणं कोपरच्या चाळीतही झाली. ज्यांच्या पोराला कुत्रं चावलं आहे त्यांचा राग मला कळतो. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, हे खरं आहे. पण कुत्र्याच्या खाण्याचा प्रश्न कचऱ्याच्या पिशवीपासून सुरू होतो हे कुणी बोलत नव्हतं. तांब्याला आजारी पाडलं ते कुणाच्या दयेनं नव्हे, आमच्या सगळ्यांच्या गटारीनं.

हा प्राणी आमच्या भातावर कसा काय जगतो, याचं उत्तर मला नंतर वाचनात सापडलं. 2013 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ अन्न पचवणारं जे द्रव्य असतं, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणूस शेती करू लागला आणि त्याच्या उकिरड्याशी राहता राहता कुत्र्याचं पोटसुद्धा बदललं. भात त्याला आम्ही शिकवला. तरी नुसता भात-कोंबडी हा काही त्याचा कायमचा आहार नव्हे. त्यात कॅल्शियम आणि बाकीची सत्त्वं पुरेशी नसतात. तो पाच-सात दिवसांपुरताच बरा.

चौथ्या दिवशी श्रावणी सोमवार होता, आणि त्याच दिवशी कॉलेजात माझा पेपर. सकाळी भात आणि कोंबडी उकडून मी टोपावर ताटली झाकून, वर वीट ठेवून गेलो. कोंबडी कुस्करायला वेळ मिळाला नाही, दुपारी येऊन करू म्हटलं. पेपर लांबला, पुढं गाडी लांबली, कोपरला उतरलो तेव्हा साडेतीन झाले होते. मागं जाऊन पाहतो तो टोप घासून पालथा घातलेला. तांब्या पायरीवर झोपलेला, वाटी चाटून स्वच्छ. दोरीवर आईचं लुगडं ओलं वाळत होतं. ती सकाळी एकदा न्हाऊन कामावर गेली होती. ती घरात बसून भगर निवडत होती. मी काही विचारलं नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “तू करतंस ते तुकडे मोठे. तेका गिळूक त्रास होता.”

सहाव्या दिवसापासून रोजच्या खाण्याकडे परत यायचं ठरलं. एकदम नाही, पहिल्या दिवशी तीन हिस्से अळणी भात आणि एक हिस्सा पोळी, मग अर्धं-अर्धं, असं चार दिवसांत. तांब्याची परसाकडे बांधून झाली, शेपूट हलू लागलं. दहाव्या दिवशी आईनं नेहमीची पोळी भिजवून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती दोन घासांत संपवली, अंग झाडलं आणि तडक कोपऱ्यावरच्या कचऱ्याकडे निघाला. आई दारातून बघत होती. “मेलो, गेलो परत!” ती म्हणाली, आणि मला काठी घेऊन त्याच्या मागं पिटाळलं.