पन्नाशी विलंबितात

शार्ल-वालांतँ आल्कां हे नाव ज्यांच्या कानावरून गेलेलं असतं, त्यांना बहुधा त्याच्या मरणाचीच गोष्ट ठाऊक असते: ताल्मुद हा ज्यू धर्मग्रंथ काढायला गेला आणि पुस्तकांचं कपाट अंगावर कोसळलं. ती दंतकथा आहे. पण १८८८ साली पॅरिसमध्ये वारलेल्या या संगीतकाराच्या मरणाची चर्चा होत राहिली आणि संगीत कपाटातच राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

तो शोपँचा मित्र आणि शेजारी. १८४७ साली, पस्तिशीही न गाठलेल्या आल्कांने पियानोसाठी ‘चार वयं’ हा सोनाटा प्रसिद्ध केला आणि वडिलांना अर्पण केला. विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी असे चार भाग, आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा संथ! विलंबिताकडून द्रुताकडे चढणाऱ्या ख्यालावर वाढलेला माझा कान पहिल्यांदा बिचकलाच. विशी नुसती धावते. तिशीत फाउस्ट आणि सैतान झुंजतात, आणि त्या झुंजीतून एकाच वेळी आठ स्वरओळी गुंफणारी फ्यूग उभी राहते. दहा बोटांत हे मावतं तरी कसं? चाळिशीत घरात मुलं खेळतात, घड्याळात दहाचे ठोके पडतात, मग प्रार्थना. पन्नाशीत मात्र साखळदंडांनी जखडलेला प्रोमिथियस. खर्जात गुरगुर, तिच्यावर अडखळत पडणारे जड स्वरमेळ. दिलासा कुठेच नाही. पन्नाशी अजून इतकी लांब असताना हे त्याला कसं उमगलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयातलं पियानोविभागाचं प्रमुखपद त्याला डावलून मार्मोंतेलला मिळालं. आल्कां हळूहळू घरात मिटत गेला. मूळ भाषांतून बायबलचं फ्रेंच भाषांतर करत बसला, तेही हरवलं. १८७३ पासून एरार सभागृहात त्याने पुन्हा मैफली केल्या, पण त्याच्यामागे त्याच्या रचना फारच थोड्यांनी वाजवल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेमंड लेवेंथॉल आणि रोनल्ड स्मिथ या पियानोवादकांनी त्या पुन्हा हाती घेतल्या. पुढे मार्क-आंद्रे हामलँच्या ध्वनिमुद्रणांनी त्या जगभर पोचवल्या. लिहिलेलं संगीत कागदावर टिकतं खरं, पण त्याला हात लागतात, तेही असे हट्टी.

पियानो शिकवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. अख्खा सोनाटा राहू द्या, निदान ‘चाळिशी’ तरी विद्यार्थ्यांपुढे ठेवा. तिशीच्या मानाने ती बोटांना सोसवते, आणि त्या घरात मुलांचा आवाज आहे.