लाल विंचू, तुंबलेले रक्त आणि एक साधी गोळी

१/ रत्नागिरी-रायगडच्या लाल विंचवाने शतकानुशतके माणसे मारली. दंश पायाला होई. मृत्यू मात्र काही तासांत, श्वास कोंडून येई. घरचे लोक विंचू उतरवणाऱ्याकडे धावत. या मृत्यूचे कारण हृदयाच्या कार्यात दडलेले होते.

२/ हृदय म्हणजे एकत्र जोडलेले दोन पंप. उजवा शरीरातून आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो; डावा प्राणवायू घेऊन परतलेले रक्त सर्वांगाला पुरवतो. रक्ताचे हे चक्राकार भ्रमण विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. चक्र चालायचे, तर दोन्ही पंपांनी सारखेच रक्त पुढे ढकलले पाहिजे. डावा मागे पडला, की रक्त फुप्फुसांत तुंबते.

३/ विंचवाचे विष मज्जातंतूंना चेतवते. शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. अरुंद वाटेने रक्त रेटता रेटता डावा पंप थकतो. रक्तातील पाणी फुप्फुसांत झिरपते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

४/ १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी प्रत्येक लक्षण टिपले. ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वसूचना आहे, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

५/ उपाय सापडला तो रक्तदाबावरील प्राझोसिन या गोळीत. ती थकलेल्या हृदयाला चाबूक मारत नाही. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. वाट मोकळी झाली, की डाव्या पंपावरील भार उतरतो आणि फुप्फुसे हळूहळू कोरडी होतात. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह केलेले हे संशोधन १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले.

६/ वैद्यकाचा इतिहास बहुधा मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांचा म्हणून सांगितला जातो. येथे मात्र रुग्णाच्या हाती काही तासच होते आणि मोठे इस्पितळ घाटापलीकडे होते. म्हणून खेड्यातल्या दवाखान्यात ठेवता येईल, तोंडावाटे देता येईल, अशा औषधालाच अर्थ होता. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधीच कोकणातील कित्येक घरांत दंश झालेले मूल दुसऱ्या दिवशी उठून बसले होते.