अडाणी कोण, माणूस की बटण?

आमचे वलगाव अमरावती–परतवाडा रस्त्यावरचे. गावाजवळून पेढी नदी वाहते. 20 डिसेंबर 1956 रोजी याच नदीच्या पुलाजवळ गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांचे गाडगे ऊन लागले की डोक्यावर जाई, भूक लागली की हातात येई. ते कसे वापरायचे हे कुणाला शिकवावे लागले नाही. आम्ही उर्दू शाळेत मास्तरकी करतो. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध नाही. पण हल्ली फोन, यंत्रे आणि त्यांवरची बटणे यांचा विचार मनात आला की आम्हाला ते गाडगे आठवते.

आमच्या अम्मीला उर्दू अस्खलित वाचता येते. मराठी ती बोलते, वाचत नाही. इंग्रजीशी तिचे कधी जमले नाही. फोनवर बँकेचा संदेश आला की ती दोन बोटांनी फोन धरते आणि विचारते, "बेटा, अब इसको क्या होना?" फोनला काय हवे आहे, हा सवाल आम्हाला फार नेमका वाटतो. वस्तू माणसासाठी असायची. इथे माणूसच वस्तूची मर्जी सांभाळतो. आणि जमले नाही की म्हणतो, "हम तो जाहिल हैं."

हे मात्र आम्हाला मान्य नाही. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 साली रोजच्या वस्तूंच्या घडणीवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, माणसे एखाद्या वस्तूपाशी वारंवार अडखळत असतील तर दोष माणसांचा नव्हे, त्या वस्तूच्या घडणीचा समजावा. बी.एड.ला आम्ही हेच शिकलो होतो. सगळा वर्ग नापास झाला तर पेपर आणि मास्तर तपासावा!

चांगली घडण कशी असते? मतदानयंत्र बघा. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर वापरले गेले. त्याच्या बाह्य घडणीत आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा हात आहे. उमेदवाराचे नाव, समोर चिन्ह, चिन्हासमोरच निळे बटण. दाबले की तिथेच लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. कशासाठी कुठे दाबायचे हे दिसते आणि दाबले गेले हे कळते. दोनच गोष्टी, पण त्यांच्या जोरावर अक्षरओळख नसलेली म्हातारी पडद्याआड एकटी जाते आणि आपले मत आपणच देते. तीच म्हातारी खात्यात पैसे आले का, हे बघण्यासाठी चौकातल्या पोराच्या हाती फोन देते, वर गुप्त आकडाही सांगते. मत गुप्त राहिले, पैसा राहिला नाही. प्रश्न सोयीचा नाही, इज्जतीचा आहे.

वापरणाऱ्याकडे बघून वस्तू केली तर काय होते, याचा दाखला म्हणजे 2003 साली आलेला नोकियाचा 1100 हा फोन. कळांवर एकसंध रबरी आवरण, म्हणजे धूळ आत जायला नको. घामेजल्या हातातून निसटू नये अशा कडा आणि डोक्याला विजेरी. भारनियमनाच्या काळात वऱ्हाडात त्या विजेरीचे मोल काय होते, हे सांगायला नको. जगभरात तो 25 कोटींहून अधिक विकला गेला.

आता आमच्या उर्दूकडे येऊ. नस्तालिक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे उतरत्या चालीने येतो. त्याला उंची जास्त लागते. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या बटणात तो बसवला की वरखालचे नुक्ते छाटले जातात. बे, पे आणि ते यांच्यात शब्दाच्या सुरुवातीला फरक असतो तो नुक्त्यांचाच. नुक्ता गेला की शब्द गेला. शिवाय अक्षरे उजवीकडून चालतात आणि आकडे डावीकडून. मजकुरात तारीख घातली की लिहिण्याची खूण इकडून तिकडे उड्या मारते. नुसते शब्द उर्दूत बदलून भागत नाही. मागे जाण्याचा बाणसुद्धा वळवावा लागतो.

हे अशक्य आहे असे नाही. मिर्झा अहमद जमील यांनी 1981 साली नूरी नस्तालिक यंत्रावर आणले. त्यासाठी हजारो जोडआकार एकेक करून हाताने लिहिले. गूगलचा नस्तालिक टंक 2014 साली आला, ॲपलच्या फोनवर तो 2017 साली दिसला. पण तोवर आमची मुले उर्दू रोमन अक्षरांत लिहायला लागली होती. वर्गात ज्याचे खत सुंदर, तोही फोनवर 'सलाम' इंग्रजी अक्षरांत लिहितो. त्याला लिपी येते, फक्त तिची वाट अवघड करून ठेवली आहे.

मराठीसाठी आयआयटी मुंबईतच अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्वरचक्र' हा कळफलक केला. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क'वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटते. पहिलीत घोकलेली बाराखडीच बोटाखाली येते. माणसाला जे आधीच येते त्यावर यंत्र उभे केले, एवढीच यातली किमया.

मग अलिफ-बेच्या पोरांसाठी, अम्मीसारख्या वाचकांसाठी असे कोण करणार? दुसऱ्या कुणी करावे म्हणून आम्ही किती दिवस तक्रार करायची? आमच्या मुलांना डी.एड., बी.एड. ठाऊक असते, फार तर इंजिनिअरिंग. डिझाइन नावाची विद्या आहे, 2015 पासून तिच्या पदवीसाठी 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा होते आणि बारावीच्या कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो, हे किती घरांत माहीत आहे? परीक्षा इंग्रजीत असते, ही अडचण खरी. पण चित्रकलेच्या तासाला जो पोरगा फुलदाणी सोडून वहीभर सायकलीचे सुटे भाग काढत बसतो, त्याला ही वाट दाखवणे आम्हा शिक्षकांच्या हातात आहे.

तोवर एक काम घरोघरी होऊ शकते. घरातल्या कुणाला बटण सापडले नाही तर "इतकेही येत नाही?" असे म्हणू नये. कुठे अडले, हे विचारून कागदावर लिहून ठेवावे. उद्या आपलीच एखादी मुलगी फोन घडवायला बसली, तर तिला तो कागद लागेल.