दाराबाहेर उभी गाडी

तक्रार हा शब्द आपल्या घरांत फारसा मानाचा नाही. ताटात वाढलेल्या अन्नाला नावे ठेवू नयेत, शेजाऱ्याचे उणे काढू नये, मिळाले त्यात समाधान मानावे, अशा शिकवणीत आमची पिढी वाढली. जो तक्रार करतो तो कटकट्या, आणि जो सोसतो तो शहाणा, असा एक ठोकताळाच ठरून गेला. या शिकवणीने अनेक कुटुंबांतील भांडणे टाळली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु यंत्रांच्या जगात वावरताना तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावे लागते. विकत घेतलेल्या वस्तूतील दोष आपण मुकाट्याने सोसला, तर तो आपल्यापुरता सोशिकपणा झाला. पण तोच दोष उद्या दुसऱ्या कोणाच्या घराला आग लावणार असेल, तर त्या मौनाला काय म्हणावे?

हा प्रश्न आम्हांला पडला तो एका मोटारगाडीमुळे. अलीकडे परदेशात ‘प्लग-इन हायब्रिड’ नावाच्या गाड्या बऱ्याच दिसतात. या गाडीला दोन पोटे असतात असे समजावे. एक पेट्रोलचे, दुसरे विजेचे. रात्री घराच्या भिंतीतील प्लगला वायर जोडून ठेवली की मोठी बॅटरी भरते. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट, कामावर जाणे-येणे एवढे सारे विजेवर भागते. लांबचा प्रवास निघाला की पेट्रोलचे इंजिन आहेच. धूर कमी, खर्च कमी आणि वाटेत वीज संपण्याची धास्ती नाही. मुलाबाळांच्या संसाराला ही गाडी भावली, यात नवल नाही.

अशा गाड्यांपैकी एक म्हणजे क्रायस्लरची पॅसिफिका हायब्रिड. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात विंडसर येथे ती तयार होत असे. २०१७ सालच्या मॉडेलपासून ती विक्रीस आली. सात माणसे ऐसपैस बसतील अशी ही कुटुंबाची गाडी. तिची बॅटरी १६ किलोवॉट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत १६ युनिटांची. तेवढ्यावर ती सुमारे ५० किलोमीटर चालते. ही बॅटरी मधल्या आसनांच्या खाली, गाडीच्या तळाशी बसवलेली असते. ज्या जागी मुले बसतात, नेमकी त्याच जागेखाली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीने २०१७ व २०१८ सालच्या या गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेतील त्यांची संख्या सुमारे १६,७०० होती. कारण असे की बारा गाड्यांना आगी लागल्या होत्या. आश्चर्याची गोष्ट ही की त्या बाराही गाड्या उभ्या होत्या, बंद होत्या. रस्त्यावरचा अपघात नव्हे, चालकाची चूक नव्हे. मालकांना कळवण्यात आले की गाडी चार्ज करू नका, आणि ती घरापासून व इतर वाहनांपासून दूर उभी करा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील याच प्रकारच्या ६७,११८ गाड्यांना दुसऱ्याच कारणासाठी बोलावणे आले. गिअरबॉक्सच्या वायरिंगमधील एका जोडात शॉर्टसर्किट होऊन धावत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडण्याचा धोका होता. पुढे २०२४ च्या जुलैत आगीच्या भीतीने पुन्हा हजारो गाड्यांना बोलावणे गेले.

बंद गाडी पेटते कशी, असा प्रश्न वाचकांना पडेल. बॅटरीमध्ये शेकडो नव्हे तरी बरेच सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण असे दोन थर एकमेकांना अगदी लागून असतात आणि मध्ये कागदासारखा पातळ पडदा असतो. कारखान्यात एखादी पट्टी दुमडली, बाहेरचा एखादा कण आत राहिला किंवा त्या पडद्याला इजा झाली, तर दोन थर कधीतरी एकमेकांना भिडतात. मग तो सेल तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि ही साखळी थांबवणे अवघड होऊन बसते. यासाठी गाडी चालू असण्याची गरज नाही. बॅटरी जितकी भरलेली, तितका धोका अधिक, म्हणूनच चार्ज न करण्याची सूचना दिली जाते.

ही कथा एकाच गाडीची नाही. २०११ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने शेव्हरोले व्होल्ट या गाडीची धडक-चाचणी घेतली. गाडी तपासून बाजूला उभी केली गेली आणि तीन आठवड्यांनी ती आपोआप पेटली. चौकशी जानेवारी २०१२ मध्ये संपली. कंपनीने सुमारे ८,००० गाड्यांच्या बॅटरीभोवतीचा सांगाडा अधिक मजबूत करून दिला. २०२० च्या ऑगस्टमध्ये फोर्डच्या कुगा प्लग-इन हायब्रिडचे युरोपातील सुमारे २०,५०० मालक अशाच सूचनेने चिंतेत पडले. जीप कंपनीच्या अशा गाड्यांना २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे बोलावणी आली. नोव्हेंबर २०२५ मधील बोलावणे तर अमेरिकेतील ३,२०,००० हून अधिक गाड्यांना होते, आणि त्यात पूर्वी दुरुस्त होऊन गेलेल्या गाड्याही होत्या. एकदा दुरुस्ती झाली म्हणजे विषय मिटला, असे समजणारांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आमचा या विषयाशी संबंध आला तो २०२२ च्या हिवाळ्यात. आम्ही उभयता धाकट्या मुलाकडे मिसिसागाला सहा महिने राहिलो. त्याच्याकडे याच जातीची एक गाडी होती. ती वर उल्लेखिलेल्यांपैकी नव्हे, निराळ्याच कंपनीची होती, आणि त्या कंपनीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. ऑक्टोबरात एके रात्री चार्जिंगची वायर काढताना सूनबाईंना करपल्याचा वास आला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. काही सापडले नाही, असे सांगून त्यांनी ती परत केली. मुलाचे समाधान झाले. सूनबाईंचे झाले नाही. त्यांनी कॅनडाच्या परिवहन खात्याकडे गाडीचा नंबर, तारीख आणि जे घडले ते जसेच्या तसे लिहून पाठवले.

“एवढ्या मोठ्या देशात तुझ्या एका पत्राने काय होणार?” मुलगा म्हणाला.

“माझे एकटीचेच असेल तर काही होणार नाही,” सूनबाई म्हणाल्या. “पण आणखी कोणी लिहिले असेल तर माझे त्यात मिळायला हवे.”

जानेवारीत कंपनीचे पत्र आले. गाडी चार्ज करू नये, घराबाहेर उभी करावी, सुटा भाग उपलब्ध झाला की कळवू. सूनबाईंच्या लिहिण्यामुळेच ते आले, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. पण त्या पत्राने घराची घडी बदलली. तिकडे घराला लागूनच गॅरेज असते आणि आमच्या नातवाची झोपण्याची खोली बरोबर त्या गॅरेजच्या वर होती. त्या दिवसापासून गाडी बर्फात, कुंपणाकडेला उभी राहू लागली. रोज पहाटे मुलगा काचेवरचा बर्फ खरवडी. विजेवर चालणारी म्हणून जादा पैसे मोजून घेतलेली गाडी आता निव्वळ पेट्रोल पीत होती. सुटा भाग येण्यास चार महिने लागले.

याच काळात खरी कसोटी आली. घराचा हप्ता वाढला होता आणि मुलाने गाडी विकून टाकण्याचे ठरवले. आपल्याच वसईकडचा एक तरुण नुकताच सपत्नीक तेथे आला होता. त्याला गाडी हवी होती. किंमत ठरली. आगाऊ पैसे देण्यासाठी तो घरी आला, तेव्हा सूनबाई चहाबरोबर ते पत्रही घेऊन आल्या आणि त्यांनी ते मुलापुढे ठेवले. “तुम्हीच दाखवा,” एवढेच त्या म्हणाल्या. मुलाने क्षणभर आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. मग त्याने पत्र त्या तरुणापुढे सरकवले. व्यवहार तेथेच मोडला. पुढे दोन-तीन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. शेवटी आमच्या मंडळींनीच कोंडी फोडली. “अरे, त्याची बायको गरोदर आहे,” त्या मुलाला म्हणाल्या, “ती गाडी तिच्या दारात पेटली असती, तर तुला हप्ता गोड लागला असता का?” मुलगा म्हणाला, “नाही, आई.” आणि विषय संपला.

या प्रसंगानंतर आम्ही थोडी चौकशी केली. अमेरिकेत १९६६ साली मोटार सुरक्षेचा कायदा झाला. त्यानुसार दोष आढळल्यास कंपनीने मालकाला पत्राने कळवावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो. कोणताही नागरिक सरकारी खात्याकडे विनामूल्य तक्रार नोंदवू शकतो. एकसारख्या तक्रारी जमू लागल्या की प्राथमिक चौकशी, नंतर तांत्रिक तपास, आणि गरज पडल्यास गाड्या परत बोलावणे, असा तो क्रम आहे. नवी गाडी दोष दुरुस्त केल्याशिवाय विकता येत नाही. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या गाड्यांनाही ते बंधन आहे. मात्र जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यावर तेथील केंद्रीय कायद्याने असे बंधन घातलेले नाही. म्हणजे त्या एका ठिकाणी कायदा थांबतो, आणि तेथून पुढे विकणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी तेवढी उरते.

आपल्याकडे प्लग-इन हायब्रिड गाड्या फार थोड्या आहेत. पण गाड्या परत बोलावण्याचा विषय आपल्यालाही परका नाही. २०१२ पासून भारतीय वाहन उत्पादकांनी स्वेच्छेने ही पद्धत स्वीकारली होती. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी जुन्या वाहनाच्या मालकाला सरकारकडे तक्रार नोंदवता येते, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्या म्हणजे चौकशी होते. संख्या भरली नाही तर काय होणार, हे उघड आहे. आपण प्रत्येक जण ‘दुसरा कोणी तरी लिहील’ म्हणत राहिलो, तर कायदा पुस्तकातच राहील.

तेव्हा वाचकांना आमची नम्र सूचना अशी. घरात स्कूटर असो, रिक्षा असो की मोटार, तिचा चेसिस नंबर एका वहीत लिहून ठेवावा. कंपनीचे पत्र वा फोन आला तर तो विक्रीची जाहिरात समजून बाजूला टाकू नये. जुने वाहन घेताना त्याला कधी बोलावणे आले होते काय आणि दुरुस्ती झाली काय, हे विचारावे. विकताना न विचारता सांगावे. आणि वास आला, धूर दिसला, ब्रेक लागला नाही, तर तारीख घालून जसे घडले तसे लिहून पाठवावे. रागावून नको, वाढवूनही नको.

२०२२ साली ज्या १६,७०० गाड्यांना दूर उभे राहण्याचा निरोप गेला, त्यांतील बहुतेक घरांत काहीच घडलेले नव्हते. तेथे मुले रात्री शांत झोपत होती. त्यांच्या आईबापांना सावध करता आले, कारण आधीच्या बारा आगींची कोठे तरी नोंद झाली होती.